बाहेरून गाजर दाखवलं की देश खरंच सुधारतो का? (ईयू, तुर्की, मॅसेडोनिया वगैरे)

भंवरकुआंकर

नमस्कार मंडळी, इंदूरहून. एमपीपीएससी आणि यूपीएससी दोन्हीची तयारी एकदमच चालू आहे, ऑप्शनल पॉलिटिकल सायन्स. रविवारी छप्पन दुकानला चहा पिता पिता आमच्या ग्रुपमध्ये ज्यावरून वाजलं ते इथे टाकतोय, कारण इथे वाचणारी जुनी माणसं आहेत.

तर विषय असा की युरोपियन युनियन किंवा आसियानसारख्या गटात देश कसे शिरतात. क्लासच्या नोट्समध्ये एकदम सरळ गणित आहे, बाहेरून बक्षीस मोठं असलं की देश आत सुधारणा करतो, संपलं. १९९३ ला कोपनहेगनमध्ये अटी ठरल्या, लोकशाही पाहिजे, कायद्याचं राज्य पाहिजे, अल्पसंख्याकांना संरक्षण, चालती बाजारपेठ आणि ईयूचे सगळे कायदे पेलायची ताकद. एवढं करा आणि आत या. २००४ ला एकदम १० देश आत आले म्हणजे फॉर्म्युला पास.

पण मग तुर्कीचं काय? १९८७ ला अर्ज, १९९९ ला उमेदवार, २००५ ला बोलणी सुरू, आणि ३५ चॅप्टरपैकी (चॅप्टर म्हणजे बोलणीतला एकेक विषय) आजवर एकच तात्पुरता बंद झाला, तोही विज्ञान-संशोधनाचा. आणि नॉर्वे? त्यांना तर दार सताड उघडं होतं, तिथली जनताच दोनदा नाही म्हणाली. माझा रूममेट म्हणतो बक्षीस-बिक्षीस सगळी पोपटपंची आहे, शेवटी घरचं राजकारण ठरवतं. मला ते पटत नाही, नुसतं घरचंच असतं तर एवढ्या देशांनी एकाच दहा वर्षांत सारखेच कायदे का केले असते?

उदाहरणं द्या प्लीज. थिअरी नको, थिअरीने वही भरलीय.

रामबागी_काका

अरे भिया, तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर वगैरे म्हणून मी पळ काढणार नाही. तुझा रूममेट जास्त बरोबर आहे, फक्त त्याने अजून एक पायरी उतरायला पाहिजे. बक्षीस ‘देशाला’ मिळत नसतं रे, देशातल्या कुणाला तरी मिळतं. ते कुणाच्या पदरात पडतं आणि त्यापायी कुणाची खुर्ची जाते एवढं बघ.

स्लोव्हाकिया घे. १९९३ ला चेकांपासून वेगळे झाले, पंतप्रधान व्लादिमिर मेचियार. १९९७ ला चेक, पोलंड, हंगेरीला बोलणीचं बोलावणं आलं आणि ह्यांना नाही. आणि कारण काय दिलं, तर पैशापाण्याचं नाही, सरळ लिहून दिलं की राजकीय अटीच पूर्ण नाहीत. तिथे १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या मुलालाच कुणीतरी पळवून सीमेपलीकडे नेऊन टाकलं होतं आणि बोटं सरकारच्याच गुप्तहेर खात्याकडे वळत होती, म्हणजे बघ काय माहोल असेल. आता मेचियारला ईयूचं बक्षीस दाखवून काय होणार? अटी पाळल्या तर त्याचीच सत्ता जाते. तो ढिम्म हलला नाही.

पण बक्षीस वाया गेलं का? नाही ना. ते विरोधकांच्या कामी आलं. शेजारी आत चाललेत आणि आपणच बाहेर उभे, हे लोकांना झोंबलं. डावे, उजवे, हंगेरियन अल्पसंख्याकांचा पक्ष, सगळ्यांची मोट बांधली गेली, १९९८ च्या निवडणुकीत ८४ टक्के मतदान झालं. मेचियारचा पक्ष तरीही पहिला आला बरं का! पण सोबतीला कुणी जाईना, सरकार विरोधी आघाडीच्या जुरिंदांनी केलं. २००० ला बोलणी सुरू, २००२ अखेर संपली, २००४ ला चेकांच्या बरोबरीने आत. म्हणजे मागून येऊन गाठलं.

दुसरं सर्बियाचं, ते तर तारखांसकट बघण्यासारखं आहे. युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेला माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच सत्तेवरून गेला होता पण बेलग्रेडमध्येच होता. अमेरिकेने मदतीसाठी ३१ मार्च २००१ ही मुदत घातली होती, त्याला अटक झाली १ एप्रिलच्या पहाटे. पुढे ब्रसेल्समध्ये देणगीदार देशांची परिषद २९ जूनला ठरली, आणि त्याला हेगच्या युद्धगुन्हे कोर्टाच्या ताब्यात दिलं २८ जूनला. आदल्या दिवशी! परिषदेत सव्वाशे कोटी डॉलरच्या वर मदत जाहीर झाली. पण तिथल्या घटनापीठाने त्या हुकमाला स्थगिती दिली होती, युगोस्लाव्हियाचे (सर्बिया तेव्हा त्यातच होता) राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सा विरोधात होते, तिथल्या केंद्रातल्या पंतप्रधानांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. सगळं अंगावर घेतलं ते सर्बियाचे पंतप्रधान झोरान जिंजिच यांनी. मार्च २००३ मध्ये त्यांचा खून झाला, सरकारी इमारतीच्या दारात. पैसा देशाला मिळाला, किंमत एका माणसाने मोजली. हे नोट्समध्ये लिहिलंय का तुझ्या?

लष्करवाला

ग्वाल्हेरहून राम राम. काका, तुमचं स्लोव्हाकियाचं एकदम मान्य, पण तुम्ही फक्त घेणाऱ्याच्या घरात डोकावताय. देणाऱ्याच्या घरातही राजकारण असतंच की, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांत घोळ तिथेच जास्त झालाय. ईयूत नवा देश घ्यायचा तर प्रत्येक पायरीला सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. एकमत म्हणजे प्रत्येकाच्या हातात व्हेटो. आणि ज्याच्या हातात व्हेटो तो आपल्या घरची निवडणूक बघूनच वापरणार.

मॅसेडोनिया बघा, मी ह्या देशाच्या मागे वेड्यासारखा लागलोय कधीपासून, त्यामुळे लांबेल.

२००५ ला उमेदवार झाले. ग्रीस म्हणे तुमचं नावच चालणार नाही, मॅसेडोनिया आमचा, सिकंदर आमचा. २००८ ला नाटोत जायची वेळ आली तर ग्रीसने अडवलं. आता आत जायची आशाच नाही म्हटल्यावर तिथला पंतप्रधान ग्रुएव्हस्की काय करणार, त्याने उलटी गाडी पळवली, राजधानी स्कोपियेत भर चौकात घोड्यावरचा भलामोठा योद्धा उभा केला, सगळ्यांना कळतं की तो सिकंदर आहे. सोबत पुतळेच पुतळे, कारंजी, ग्रीक खांबांच्या इमारती. लोकांना अभिमान, ग्रीकांना मिरच्या, आणि आत कोर्टं-पोलीस-मीडिया सगळं खिशात. दहा वर्षं हेच. शेवटी फोन टॅपिंगचं प्रकरण बाहेर आलं आणि गेला. २०१८ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली (सरकारी मर्सिडीजच्या खरेदीचं प्रकरण) तर हा पठ्ठ्या पळून गेला तो थेट हंगेरीत, आणि हंगेरीने आसरा दिला. ईयूचाच मेंबर!

मग पंतप्रधान म्हणून आले झाएव्ह. ह्यांनी ग्रीसचे पंतप्रधान त्सिप्रास यांच्याबरोबर जून २०१८ मध्ये प्रेस्पा तलावाच्या काठी करार केला, नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’. सार्वमताचा प्रश्न बघा कसा हुशारीने घातला होता, ‘ग्रीसबरोबरचा करार मान्य करून ईयू आणि नाटोचं सदस्यत्व घ्यायला तुम्ही अनुकूल आहात का?’ म्हणजे कडू गोळी आणि बक्षीस एकाच वाक्यात. विरोधकांनी बहिष्कार घातला. मतदान झालं ३७ टक्के, त्यातले ९० टक्क्यांच्या वर हो म्हणाले, पण लागणारे निम्मेसुद्धा मतदार आले नाहीत. मग संसदेत जोडाजोडी करून १२० पैकी ८१ मतांनी घटना बदलली. तिकडे त्सिप्रासचा साथीदार पक्ष सरकार सोडून गेला, करार ३०० पैकी १५३ मतांनी कसाबसा पास झाला आणि जुलै २०१९ मध्ये त्सिप्रास निवडणूक हरले.

एवढं सगळं केल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्स म्हणाला आत्ता नको, आधी प्रवेशाची पद्धतच बदलू. झाएव्हने राजीनामा दिला. २०२० ला नाटो मिळालं, ठीक. मग नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरिया उठला, की तुमची भाषा आमच्याच भाषेतून निघालीय, इतिहास नीट लिहा. २०२२ मध्ये तोडगा निघाला तो असा की मॅसेडोनियाने घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घालायचा. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. त्यासाठी परत दोन तृतीयांश मतं हवीत. तेवढ्यात मे २०२४ च्या निवडणुकीत ग्रुएव्हस्कीचाच जुना पक्ष दणक्यात निवडून आला, आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना देशाचं नाव नुसतं ‘मॅसेडोनिया’ घेतलं, ग्रीसचे राजदूत उठून गेले. अजून पहिला चॅप्टर उघडलेला नाही.

आता सांगा, ह्यात मॅसेडोनियाच्या घरच्या राजकारणाचा दोष किती आणि पॅरिस-सोफियाच्या (म्हणजे फ्रान्स-बल्गेरियाच्या) किती? पुढच्या कुठल्या पुढाऱ्याने कशावर विश्वास ठेवून लोकांसमोर जायचं?

मिरची_मालवी

नाव बदललं, घटना बदलली, सरकार घालवलं आणि हातात काय तर ‘नंतर बघू’ 😂 आमच्या कॉलनीच्या नर्मदा लाइनची आठवण झाली, फॉर्म भरा, परत भरा, आता हा नवीन फॉर्म.

लष्करवाला

@मिरची_मालवी 😄

बाय द वे तुर्कीचं राहिलं. ते पण ह्याच खात्यात जातं निम्मं. सुरुवातीची वर्षं बघ, फाशीची शिक्षा २००२ ला (युद्धकाळ सोडून) काढली (आणि हे कधी, जेव्हा कुर्दी बंडखोरांचा नेता ओजलान तुरुंगात होता आणि लोक फाशी मागत होते), कुर्दिश भाषेत प्रसारणाला परवानगी, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतली लष्कराची दादागिरी कमी केली. एर्दोआनच्या पक्षाला ते हवंच होतं, कारण लष्कराने त्यांच्या आधीच्या पक्षाचं सरकार घालवलं होतं, पक्षांवर बंदी आली होती. ईयूची अट आणि त्यांची गरज एकाच दिशेला. लष्कराला म्हणायचं, आम्ही काय करणार, ब्रसेल्स मागतंय! पुढे जर्मनीच्या मर्केल म्हणाल्या पूर्ण सदस्यत्व नको, विशेष भागीदारी घ्या, फ्रान्सचे सार्कोझी तर उघड विरोधात, सायप्रसमुळे डिसेंबर २००६ ला ८ चॅप्टर गोठवले. तोपर्यंत लष्कराचा काटाही निघत आला होता. मग एर्दोआनला ईयूची गरज काय उरली? अट पाळली तर आता त्याच्याच हातातलं जाणार होतं. इथे काका तुमचा मेचियारवाला मुद्दा परत येतो, मान्य करतो.

मांडवीकर

मी वडोदऱ्याहून. तुम्ही सगळे पुढारी-पुढारी करताय, मतदार कुठे गेला? नॉर्वेचं कुणी बोललंच नाही.

१९७२ ला ५३.५ टक्के नाही, १९९४ ला ५२.२ टक्के नाही. दुसऱ्या वेळी तर तारखासुद्धा जमवून आणल्या होत्या. सगळ्यात उत्साही फिनलंड आधी, १६ ऑक्टोबरला, मग स्वीडन १३ नोव्हेंबरला आणि शेवटी नॉर्वे २८ नोव्हेंबरला, म्हणजे शेजारी गेले की आपले लोकही जातील. फिनलंड गेला, स्वीडन गेला, नॉर्वे बसून राहिला. ऑस्लो हो म्हणत होतं, उत्तरेकडचे आणि किनाऱ्यावरचे मासेमार, शेतकरी नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं, आमचा मासा आमच्या समुद्रातला, त्यात स्पेनच्या बोटींनी का यायचं. आणि तेल असल्यामुळे बाहेर राहूनही पोट भरत होतं, वर युरोपियन इकॉनॉमिक एरियातून बाजारपेठ मिळालेलीच. बदल्यात ईयूचे नियम पाळायचे, पैसेही भरायचे, फक्त ठरवताना टेबलावर जागा नाही. मला विचाराल तर हा सौदा काही फार मानाचा नाही पण त्यांना चालतो.

हे आपल्याकडेही झालंय की. आरसेप हा व्यापार करार आठवतोय का, आसियानचे १० देश, शिवाय चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपण. २०१२ पासून वाटाघाटी. माझं सासर पादरा तालुक्यात, दीर सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीत दूध भरतात. तेव्हा २०१९ च्या दिवाळीला गेलो होतो तर कॅन लावायच्या रांगेत फॅट किती आली ह्याच्या पाठोपाठ दुसरा विषय न्यूझीलंडची पावडर. ज्या माणसाने कधी आसियान हा शब्द ऐकला नसेल त्याला माहीत होतं की तिकडची दूध पावडर बिनकराची आली तर आपला भाव पडणार. दूध संघ उघड विरोधात उतरले होते, स्टीलवाले होते, आणि चीनचा माल येईल ही भीती तर सगळ्यांनाच. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण बाहेर पडलो. पुढच्या वर्षी बाकीच्या १५ जणांनी सह्या केल्या.

फायदा सगळ्यांना थोडा-थोडा आणि उद्या, तोटा थोड्यांना पण आजच आणि भरपूर. आता ते थोडे लोक संघटित असतील, गावोगाव त्यांची मंडळी असेल, तर कोण पंतप्रधान त्यांना अंगावर घेईल?

भंवरकुआंकर

मांडवीकर ताई, हे आरसेपवालं भारीच, असं कुठेच वाचलं नव्हतं. काका, लष्करवाले दादा, थँक्यू.

अजून एक शंका. तुम्ही सगळे एकाच दुकानाचं गाजर धरून चाललाय. पण युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया यांना दोन्हीकडून गाजरं आहेत ना, एक ब्रसेल्सचं एक मॉस्कोचं. तिथे हा हिशोब कसा लागतो?

कृष्णपुरा_छत्री

मी पण इंदूरचाच, एरवी नुसता वाचत असतो, पण ह्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दोन गाजरांत मुख्य फरक वेळेचा आहे. मॉस्कोचं लगेच मिळतं, ब्रसेल्सचं पंधरा वर्षांनी आणि तेही अभ्यास करून. २०१३ बघ. नोव्हेंबरमध्ये युक्रेनचा राष्ट्राध्यक्ष यानुकोविचने ईयूबरोबरचा करार ऐन वेळी थांबवला. डिसेंबरमध्ये पुतिनने १५०० कोटी डॉलरचं कर्ज आणि गॅसचा भाव हजार घनमीटरला ४०० डॉलरच्या आसपास होता तो २६८ वर आणायचं कबूल केलं. ज्याला पुढच्याच निवडणुकीची आणि रिकाम्या तिजोरीची काळजी आहे त्याच्यासाठी ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? आणि ईयूच्या बाजूला काय अट होती तर तुरुंगात टाकलेल्या तिमोशेंकोची सोय लावा, म्हणजे स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढा. त्याचा हिशोब त्याच्या दृष्टीने बरोबरच होता, फक्त कीवच्या चौकात कडाक्याच्या थंडीत लोक ठाण मांडून बसतील हे त्यात धरलेलं नव्हतं. फेब्रुवारीत पळाला.

यानुकोविचने करार थांबवायच्या अडीच महिने आधी, ३ सप्टेंबर २०१३ ला, आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष सर्ग्स्यान मॉस्कोत गेले आणि ईयूबरोबर वर्षानुवर्षं घोटलेला करार बाजूला ठेवून रशियाच्या कस्टम्स युनियनमध्ये जायचं जाहीर करून मोकळे झाले. तिथे मात्र चौक भरला नाही. कारण काराबाखवरून अझरबैजानशी भांडण होतं, सुरक्षा रशियाच्या हातात होती, लोकांनाही माहीत होतं की ब्रसेल्स काही फौज पाठवणार नाही. गाजरापेक्षा काठीची भीती मोठी.

मोल्दोव्हाचं तर केसावर निभावलं. ऑक्टोबर २०२४ चं सार्वमत, ५०.३५ टक्के हो, म्हणजे साधारण साडेदहा हजार मतांचा फरक. देशातल्या देशात मोजलं तर नाही जिंकलं असतं, बाहेर इटली, जर्मनी, फ्रान्समध्ये कामाला गेलेल्यांच्या मतांनी पारडं फिरलं. त्यांनी ईयू स्वतः राहून बघितलेलं, त्यांना पत्रक वाचून दाखवायची गरज नव्हती. गागाऊझिया ह्या त्यांच्याच स्वायत्त भागात ९५ टक्के नाही. त्यात पोलिसांचं म्हणणं की रशियातून पैसे येऊन लाखाच्या वर लोकांना मतांसाठी वाटले गेले. आणि सार्वमताच्या दहा दिवस आधी ईयू कमिशनच्या अध्यक्षीणबाई फॉन डेर लायेन स्वतः जाऊन १८० कोटी युरोचं पॅकेज जाहीर करून आल्या, ते कुणी विसरू नये. प्रचार दोन्हीकडून होता, एकाचा पावतीवर, एकाचा पाकिटातून.

जॉर्जिया उलटं. घटनेतच लिहून ठेवलंय की सगळ्या संस्थांनी ईयू आणि नाटोत जायला प्रयत्न करावेत. लोकांना बहुतांशी हवंय. डिसेंबर २०२३ ला उमेदवारीही मिळाली. आणि मग २०२४ च्या मे महिन्यात परदेशी एजंटांचा कायदा, नोव्हेंबरच्या २८ तारखेला पंतप्रधान कोबाखिद्झेंनी सांगितलं की २०२८ अखेरपर्यंत बोलणीचा विषयच अजेंड्यावर घेणार नाही. त्या रात्रीपासून तिबिलिसीत लोक रस्त्यावर. सत्ताधारी पक्षाची सूत्रं इव्हानिश्विलीच्या हातात, रशियात पैसा कमावलेला अब्जाधीश. ईयूची अट काय, तर सत्तेवरची श्रीमंतांची पकड काढा. म्हणजे त्यालाच सांगायचं की बाबा तू बाजूला हो. मेचियारच परत, फक्त हा जास्त श्रीमंत.

रामबागी_काका

छत्रीवाले, झकास लिहिलंत, नुसते वाचत नका बसू.

मला अजून एक सांगायचंय, आत गेल्यावर काय होतं ते. इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांना हे शिकवायला नको. २८ मे १९४८ ला संस्थानं जोडून मध्यभारत राज्य झालं तेव्हा शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. संस्थानिकांना विलीन करताना तनखे दिले, पदव्या राहू दिल्या, घटनेत तशी हमीसुद्धा दिली. का दिली, कारण सही हवी होती, तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी होतं. एकदा सही झाली की हातात काय राहिलं? १९५६ ला मध्यभारतच गेलं, राजप्रमुख पद गेलं आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. गेले ते बरंच झालं, मी काही संस्थानी माणूस नाही. मुद्दा हा की सही होईपर्यंतच बोलीत जोर असतो.

ईयूत हेच होतं पण उलट्या बाजूने. सहीआधी जोर ब्रसेल्सचा, सहीनंतर देशाचा. सायप्रसचं बघा, केवढा मोठा घोटाळा करून ठेवला. दोन्ही भाग एकत्र करायचा संयुक्त राष्ट्रांच्या कोफी अन्नान यांचा आराखडा, सार्वमत २४ एप्रिल २००४ ला. तुर्की सायप्रसवाले ६५ टक्के हो म्हणाले, ग्रीक सायप्रसवाले ७६ टक्के नाही. आणि एका आठवड्याने, १ मेला, सायप्रस ईयूत आला तो नाही म्हणणाऱ्यांचा! कारण त्यांना आधीच कबूल करून बसले होते की एकीकरण होवो न होवो, तुम्ही आत. ग्रीसने धमकी दिली होती, सायप्रस नाही तर पोलंड-बिलंड कुणालाच आम्ही मंजुरी देणार नाही. ज्याला बक्षीस नक्की आहे तो तडजोड कशाला करेल? आणि आत आल्यावर तेच सायप्रस तुर्कीचे चॅप्टर अडवतंय. लष्करवाल्यांनी जे सांगितलं त्याचं मूळ इथे आहे.

हंगेरीचंही तेच. २००४ ला आत येताना गुणी बाळ. ऑर्बान पंतप्रधान असताना कोर्टांवरून ईयूने पैसे अडवले, आणि १३ डिसेंबर २०२३ ला त्यातले १००० कोटी युरोच्या वर मोकळे केले. दुसऱ्या दिवशी युक्रेनशी बोलणी सुरू करायच्या निर्णयाला एकमत हवं होतं, ऑर्बान खोलीतून बाहेर जाऊन उभे राहिले आणि उरलेल्या २६ जणांनी ठराव केला. कॉफी प्यायला गेले म्हणे. आता कोण कुणाला गाजर दाखवत होतं ते तुम्हीच ठरवा.

लष्करवाला

काका, ते सगळं ठीक, पण मध्यभारताचा विषय काढलाच आहे तर राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर हा तोडगाही सांगा ना. सगळी कचेरी, फायली, बाबू लोक, ट्रंका भरून इकडून तिकडे. आणि ५६ ला भोपाळ दोघांच्याही नाकावर टिच्चून राजधानी घेऊन गेलं.

रामबागी_काका

ग्वाल्हेरला महसूल मंडळ दिलं ना बाबा, आम्हाला पीएससी दिली. त्याच पीएससीपायी हा पोरगा भंवरकुआंला बसलाय.

मिरची_मालवी

आणि जबलपूरला हायकोर्ट. सगळ्यांचं तोंड गोड. ईयूवाल्यांनी आपल्याकडे ट्रेनिंगला यायला पाहिजे.

मांडवीकर

काका, क्रोएशियाचं कुणी घेतलं नाही. मला वाटतं तुमच्या मेचियारवाल्या नियमाला ते अडचणीचं आहे. तिथे तोच राष्ट्रवादी पक्ष, पहिले राष्ट्राध्यक्ष तुजमान यांचा, त्यानेच ईयूशी बोलणी पार पाडली. त्या पक्षाचा नेता सानादेर २००१ मध्ये स्प्लिटच्या मोर्च्यात युद्धगुन्ह्याचा आरोप असलेल्या जनरलच्या बाजूने भाषण ठोकत होता. २००३ ला पंतप्रधान झाला आणि तोच माणूस हेगला सहकार्य करायला लागला. मार्च २००५ मध्ये जनरल गोतोविना सापडत नाही म्हणून ईयूने बोलणी पुढे ढकलली, ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये गोतोविना कॅनरी बेटांवर पकडला गेला. म्हणजे खुर्चीवर तोच पक्ष, तरी वळला की.

रामबागी_काका

चांगला आक्षेप आहे. वळला, पण का वळला बघा. तुजमान १९९९ मध्ये गेले, पक्ष लगेच निवडणूक हरला, जवळजवळ चार वर्षं बाहेर बसला. विरोधात बसल्यावर कळलं की मधला मतदार ईयूशिवाय येत नाही. सानादेरने आधी पक्षातले कट्टर बाजूला केले, मग सरकारमध्ये आला. सत्तेत असताना असं सहसा होत नाही, हरल्यावर होतं. आणि ह्याच सानादेरला पुढे भ्रष्टाचारासाठी शिक्षा झाली, त्याच भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेकडून जी ईयूच्या अटींमुळे मजबूत झाली होती. त्याला हे आधी ठाऊक असतं तर वळला असता का, मला शंका आहे.

गोतोविना वरच्या कोर्टात २०१२ ला निर्दोष सुटला हेही लिहून ठेव रे भंवरकुआं, परीक्षक खूश होतो.

भंवरकुआंकर

लिहून घेतलं काका 🙏 रूममेटला पूर्ण धागा वाचायला दिलाय, तो म्हणतोय ‘बघ, मी म्हटलं होतं’. मी म्हटलं लष्करवाल्यांचं परत वाच.

शेवटचं, मग आता पुढचा देश कुठला? माँटेनेग्रोचं नाव सारखं येतं.

लष्करवाला

माँटेनेग्रो पुढे आहे, हो. सहा लाखांच्या आसपास लोकवस्ती, आपल्या ग्वाल्हेर शहराहून कमी. पण सोपं समजू नकोस. २००६ ला सर्बियापासून वेगळं व्हायचं सार्वमत होतं तेव्हाच ईयूने अट घातली होती की ५५ टक्के हो असेल तरच मानू, आणि निकाल आला ५५.५. बोलणी २०१२ ला सुरू झाली. मिलो जुकानोविच कधी पंतप्रधान कधी राष्ट्राध्यक्ष असा तीस वर्षं फिरून फिरून तोच, त्यामुळे कोर्ट आणि गुन्हेगारीचे चॅप्टर रखडायचे. २०२० ला त्याचा पक्ष हरला, २०२३ ला तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला, आणि त्यानंतर गाडीने वेग घेतला. सरकारने लक्ष्य ठेवलंय २०२८ चं. स्वतःचं चलन नाहीच, युरोझोनमध्ये नसूनही युरोच वापरतात.

पण सगळे चॅप्टर बंद झाले तरी करार प्रत्येक सदस्य देशात मंजूर व्हावा लागतो. फ्रान्समध्ये नव्या सदस्यासाठी सार्वमत घ्यायचं, नाहीतर संसदेत तीन पंचमांश मतं मिळवायची असा घटनेतच नियम आहे. आणि २०२७ ला तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. त्यामुळे पोदगोरित्सापेक्षा (माँटेनेग्रोची राजधानी) पॅरिसवर लक्ष ठेव.